गाडी घरी कमवून राह्यली

आमच्या घरातला नियम असा: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गाडीच्या चार्जिंगची वायर काढायची नाही. का, ते विचारायचं नाही. स्मार्ट मीटर बसल्यापासून त्या वेळात वीज स्वस्त मिळते आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. सवलत एकच, किस्से मात्र एवढे झालेत की मस्तगडातली आमची गल्ली त्यावरच चहा पिते!

*

टेंभुर्णीला लग्न होतं. लग्न दुपारचं, म्हणजे गाडी घरी. आम्ही सगळे नटूनथटून एसटीने गेलो. मांडवात नवरीच्या मामाने विचारलं, "आप्पा, नवी गाडी न्हाई आणली?"

"घरी हाय," आप्पा म्हणाले. "कमवून राह्यली."

*

एकदा सकाळपासून लाइटच गेली. आज तरी वायर काढू का, असं मी विचारलं.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "आली की पहिली आपल्याला मिळंल."

बाबांनी मान डोलावली. बाबा आप्पांपुढे एवढंच करतात.

*

गाडी दिवसभर उभीच, म्हणून आप्पांनी तिचा उपयोग शोधला. नाष्टा झाला की पेपर घेऊन मागच्या सीटवर, एसी लावून. काकू चहा काचेतून आत देते. एकदा पाहुणे आले, तर त्यांनाही आतच बसवलं. तासाभराने उतरताना ते बिचारे म्हणाले, "गाडी मस्त चालते हो तुमची."

*

बदनापूरला माझी नोकरीची मुलाखत होती. एसटी रस्त्यात बंद पडली. मी पोचले तेव्हा तिथे फक्त खुर्च्या होत्या. नशिबाने त्यांनी पुन्हा बोलावलं, पण शेवटचं, असं बजावून.

त्या दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी किल्ली घेऊन बाहेर आले. आप्पा मागच्या सीटवर पेपर वाचत होते. काकू चहा घेऊन उभी होती, बाबा फाटकापाशी.

"एसटीनं जा," आप्पा पेपरातूनच म्हणाले.

"आप्पा, गाडी कालच फुल चार्ज झालीय."

"मंग काय झालं? टाइम स्वस्तातला हाय."

मी वायर काढून बाबांच्या हातात दिली आणि स्टेअरिंगवर बसले.

"मी एसटीने जाणार नाही. उतरा, नाहीतर बेल्ट लावा."

काकूचा कप काचेपाशीच थांबला. बाबा हातातल्या वायरीकडे पाहत राहिले.

आप्पांनी बेल्ट लावला.