निंबाजवळचा रस्ता

बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून जीप भाड्यानं लावली. पुण्याहून एक इंजिनीअर पोरगी आली होती. जळगाव-धुळे रस्त्यावर मोबाईलचं नेट तपासायला. पुढं रस्ता बंद असला, अपघात असला, तर मागच्या गाड्यांना नेटवरून आधीच खबर जायची, अशी योजना. ते तपासायचा डबा तिनं माझ्या जीपमध्ये बसवला.

ऐकलं आणि डोकं सणकलं. पारोळ्याच्या पुढं, निंबाच्या झाडाजवळ, माझी बायको गाडीतच गेली. छातीत दुखत होतं, धुळ्याच्या दवाखान्यात नेत होतो. पुढं ट्रक उलटलेला. मागंपुढं गाड्या अडकल्या. आधी कळलं असतं तर पारोळ्यातूनच अमळनेरच्या दवाखान्याकडं वळलो असतो. जन्मभर मला म्हणायची, "धीरे चालाडा, काय घाई शे? तुमनी वरात थोडीच शे." त्या दिवशी म्हणाली, "काबर थांबनात?" का थांबलात, तेच शेवटचं.

पोरीला हे काही सांगितलं नव्हतं.

पहिले दोन दिवस निंबाजवळ खबर नीट आली. पोरगी म्हणाली, "हा टप्पा चांगला आहे, आबा. इथं नवं काही बसवायची गरज नाही."

मी म्हटलं, "खोटं. आधी इथून जाताना फोन तुटायचा. मी लावून पाहिलाय."

तिनं कागद पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही इथं गाडी हळू का करता? हळू गाडीला एका टॉवरवरून दुसऱ्यावर जायला वेळ मिळतो, म्हणून नेट तुटत नाही. लोक इथून जोरातच जातात ना?"

आमच्याकडं जिथं आपलं माणूस गेलं तिथून धूळ उडवत जात नाहीत. माझा बापही जात नसे. ॲक्सिलरेटरवरून माझा पाय आपोआप उचलला जात होता. तेव्हा सांगितलं तिला सगळं.

तिनं हातातले कागद मिटले. मग म्हणाली, "दुसरा ड्रायव्हर बघू का?"

"कशाला? मी काय म्हातारा झालो?"

गाडी मागं नेली आणि पाय दाबून ठेवला. निंब सर्रकन गेला. मी तिकडं पाहिलं नाही.

"तुटलं," पोरगी म्हणाली. "पण एकदाच तुटलं तर इथं नवा टॉवर हवा हे वर कोणी मानत नाही, आबा. पुन्हा पुन्हा दाखवावं लागेल."

ऊन उतरेपर्यंत मी तिथून धूळ उडवत जात राहिलो.