ट्राउडलनं मागितलेली मतं

जर्मनीतल्या आमच्या हेर्ने गावच्या पक्षशाखेत ट्राउडलशी वाद घालायची कुणाची टाप नाही. बाई ब्याऐंशीची, आयुष्य खाणीच्या कॅन्टीनमध्ये गेलं, आवाज अजून तिथलाच. अठ्ठ्याण्णव साली आमच्या पक्षाचा माणूस देशाचा चान्सेलर व्हावा म्हणून तिनं पक्षाचे लाल गुलाब वाटत अख्खी खाण वसाहत पालथी घातली होती. तो निवडून आला तेव्हा ढसाढसा रडली.

पुढे त्यानंच बेकारभत्त्याचा कायदा बदलला. वर्षभर काम मिळालं नाही, की आधी गाठीचं मोडून खा, मग सरकारच्या दारात ये. तिचा शेजारी एगबर्ट कूलमान पोलाद कारखाना बंद पडल्यावर चोपन्नाव्या वर्षी घरी बसला होता. म्हातारपणासाठी ठेवलेलं त्याचं सगळं गेलं. एक दिवस त्यानं पक्षाची सभासद पुस्तिका ट्राउडलच्या पत्रपेटीत टाकली. आत चिठ्ठी होती, ‘याला मत दे म्हणून तूच आली होतीस.’

सभासदाच्या वाढदिवसाला शाखेतर्फे वाइनची बाटली घेऊन घरी जायचं, ही आमची रीत. पुस्तिका परत केली, म्हणजे पक्ष सोडला, की जाणं बंद. ट्राउडलनं एगबर्टचं नाव यादीतून खोडलं, पण जाणं सोडलं नाही. दर अकरा मार्चला, त्याच्या वाढदिवशी, बेल वाजवायची. तो दार उघडायचा नाही. बाटली पायरीवर ठेवून ती परत यायची.

“पितो तरी का गं?” मी एकदा विचारलं.

“न पिऊन सांगतो कुणाला! रिकामी बाटली कोपऱ्यावरच्या काचकचऱ्याच्या पेटीत टाकताना खिडकीतून दिसतो की मला.”

यंदा शाखेत त्या चान्सेलरच्या फोटोवरून जुंपली. आमची तरुण अध्यक्ष यानिना म्हणाली, “मॉस्कोशी दोस्ती करणाऱ्याच्या फोटोखाली मी बसणार नाही.”

म्हातारा होर्स्ट उसळला, “आणि इराकच्या लढाईला नाही कोण म्हणालं? तुझा काका?”

सगळे ट्राउडलकडे बघायला लागले. ती फोटोतल्या माणसाची बाजू घेणार, हे ठरलेलंच होतं.

“काढा, नाहीतर ठेवा,” ती म्हणाली. “भिंतीचं मला काय सांगता? एगबर्टच्या दारात हा नव्हता गेला, मी गेले होते. मला कुठून काढणार?”

मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. गुलाब मीही वाटले होते, पण नंतर एकाही दारात गेलो नव्हतो. नऊ विरुद्ध सात मतांनी फोटो उतरला.

पुढच्या आठवड्यात अकरा मार्च. तिचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेलो. तिनं बेल वाजवली. या खेपेला बाटली खाली न ठेवता बंद दाराशीच बोलायला लागली, गल्लीभर ऐकू जाईल अशी.

“एगबर्ट, चुकलं माझं! जे माझ्या हातात नव्हतं, त्याचा शब्द मी तुला दिला. माफ कर असं म्हणत नाही. एकदा तोंडावर ऐकून घे, बस्स!”

मग कडी निघाली. घरातल्या चपला, वाढलेली दाढी. तो आधी तिच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

“चिडलो होतो, ती चिठ्ठी लिहून बसलो,” तो म्हणाला. “आणि तू वेडी इतकी वर्षं ते डोक्यावर घेऊन फिरतेस? अगं, मत मी टाकलं होतं. माझ्या डोक्यानं. सगळं गेलं माझं, ट्राउडल, तेवढं तरी माझं राहू दे.”