नळीतला बुडबुडा

गवंडीमामांना सगळं शहर 'नळीवाले' म्हणायचं, आणि ते नाव त्यांना मानपत्रासारखं वाटायचं. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, नळीत पाणी. दोघांनी दोन टोकं धरायची. मध्ये भिंत असो की अख्खी गल्ली, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथं खूण केली की जोतं सरळ. याच नळीवर मामांनी निम्मं शहर उभं केलं होतं. सत्तरीनंतर हातातली थापी सुटली, पण नळी काही सुटली नाही. जेवायला बसले तरी वाटीतल्या दुधाकडे बघून म्हणायचे, "ही फरशी खिडकीकडे कलतेय बरं का!"

आता गंमत अशी, की या शहरापासून समुद्र पन्नास मैलांवर. लोकांनी तो कॅलेंडरवर पाहिलेला. त्यामुळे पालिकेनं चौकात चक्रीवादळाचा नकाशा चिकटवला तेव्हा न्हावी म्हणाला, "समुद्र काय बसनं येणार आहे?"

पालिकेच्या इंजिनिअर बाई वयानं लहान, पण धीराच्या. "समुद्र नाही येणार काका, पाऊस येणार. नदी भरणार, आणि खाली समुद्र फुगलेला असला तर ती जाणार कुठं? मागं फिरणार, आपल्याकडे."

नकाशावर तीन रंग होते. तांबड्या भागातल्यांनी आधी निघायचं, टेकडीवरच्या शाळेत. पिवळ्यांनी त्यांच्यानंतर. हिरव्यांनी घरीच थांबायचं. पण कागदावरचा रंग बघून कोण घर सोडतो? म्हणून बाईंनी मामांना बोलावलं. पाणी जास्तीत जास्त कुठवर चढेल ती खूण पुलाच्या दगडावर केलेली होती. तिथून नळीनं उंची धरत, गल्लोगल्ली भिंतींवर निळी रेघ ओढत जायचं. वादळाला अजून तीन दिवस होते.

दुसरं टोक धरायला निवृत्त पोस्टमन आले. प्रत्येक दार त्यांच्या ओळखीचं. "जन्मभर माणसांची पत्रं वाटली," ते म्हणाले, "आता समुद्राचं वाटतोय. आणि बघा, एकही पत्ता चुकीचा नाही!"

वारा अगदी पडला होता. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि उन्हाला पिवळट काचेचा रंग आला होता. मामा रेघ ओढत चालले, आणि चालता चालता त्यांना ते पाणी दिसायलाच लागलं. सलूनमध्ये रेघ आरशाच्या मध्यावर आली, म्हणजे गिऱ्हाईक हनुवटीपर्यंत बुडून दाढी करून घेतंय. शिंप्याच्या दुकानात ती शिलाई मशीनच्या चाकावरून गेली, आणि मामांना वाटलं, चाक आपसूक फिरतंय आणि एक लांबच लांब निळं कापड शिवून बाहेर येतंय. बँकेच्या तिसऱ्या पायरीवर एक मासा बसून आपल्या नंबराची वाट बघत होता. मामा स्वतःशीच हसले.

"काय झालं?" पोस्टमननी विचारलं.

"काही नाही. शहर किती शांत दिसतंय पाण्याखाली."

संध्याकाळी रेघ ताईंच्या गल्लीत शिरली. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, एकटी राहणारी. गल्ली हिरव्या रंगाची. इथं रेघ प्रत्येक उंबऱ्याच्या चार बोटं खाली चालली होती. ताईंचं घर आलं, आणि मामांनी नळी गुंडाळली. "आज पुरे," ते म्हणाले.

पुरे नव्हतं. ताईंचा उंबरा शेजाऱ्यांपेक्षा वीतभर खाली होता. तो चुकून तसा झालाय हे शहरात एकट्या मामांना ठाऊक होतं, आणि तीस वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

सकाळी ते ताईंकडे गेले. ताई ओट्यावर बसून शेजारणीची पिशवी भरून देत होत्या. "औषधं वर ठेव. विजेरी, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये. तीन दिवसांचं पाणी. आणि तो फुलांचा गालिचा कशाला घेतेस, समुद्राला पाहुणचार करायचाय?" शेजारीण हसत गेली. पिशवी तिच्या लेकीसाठी होती; लेकीचं घर तांबड्या भागात होतं.

"ताई, तुझी पिशवी?"

"मी हिरवी. शिवाय घर माझ्या भावानं बांधलंय. तूच म्हणाला होतास ना, तुझ्या उंबऱ्याला पाणी लागलं तर थापी नदीत टाकीन म्हणून?"

मामा खाली बसले. "ताई, जोतं काढलं तेव्हा दुसरं टोक तू धरलं होतंस. आठवतं?"

"न आठवायला काय झालं! तू नळीतून तोंडात पाणी ओढलंस, ठसका लागला, आणि मी हसून हसून भिंतीला टेकले."

"त्या हसण्यात नळीत बुडबुडा राहिला. मी बघितला नाही. बुडबुडा राहिला की पाणी चुकीच्या जागी थांबतं. तुझं जोतं वीतभर खाली बसलंय."

पलीकडे कुणी खिडकीला फळ्या ठोकत होतं, ठक, ठक.

"तुला कळलं कधी?"

"छप्पर चढल्यावर. पण तू तोवर पडदे लावले होतेस. इतकी खुशीत होतीस, की जीभच रेटली नाही."

"तीस वर्षं!" ताई म्हणाल्या. "तीस वर्षं मी शेजारणीला सुनावतेय, तुझा उंबरा बघ, चढताना धाप लागते, माझ्या भावानं कसा बेताचा ठेवलाय!" हसू ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. "आण ती नळी. मी तुझ्या शब्दावर आता काही करायची नाही."

दोघांनी टोकं धरली. पाणी हललं, झुललं, थांबलं. रेघ उंबऱ्याच्या वर आठ बोटं. ताईंनी ती बोटानं चाचपली, मग आत खाटेकडे नजर टाकली, जणू कुणीतरी तिथं येऊन बसणार होतं.

"त्या हंगामात आणखी कुणाची घरं बांधलीस?"

"दोन. याच ओळीत."

"मग उभा काय राहिलास?"

एक घर बरोबर निघालं, दुसरं सहा बोटं कमी. मामांनी इंजिनिअर बाईंना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रंग गल्लीनुसार न देता उंबऱ्यानुसार द्यायला हवा होता, असं म्हणून त्यांनी हिरव्या भागात दोन तांबडे ठिपके दिले. ताई त्याच संध्याकाळी शाळेत गेल्या, आणि तिथंही सगळ्यांच्या पिशव्या तपासत बसल्या. भावाशी मात्र बोलल्या नाहीत.

पाणी आलं. गडबड न करता, घरोघरी चौकशी करत आल्यासारखं. चार दिवसांनी ताई परतल्या. खाटेच्या पायांवर चिखलाची रेघ होती, निळ्या रेघेपेक्षा दोन बोटं कमी. शेजारच्या ओट्यावर नुसता गाळ.

मामा दारात उभे, खांद्यावर नळी, पिशवीत थापी. "थापी नदीत टाकतो म्हणालो होतो."

"टाक की. पण आधी माझं जोतं वर घे." ताईंनी दुसरं टोक हातात घेतलं, नळी उजेडात धरली आणि नखानं टिचक्या मारत तिची लांबी डोळ्यांखालून घातली. एक बारीक बुडबुडा हळूहळू, झोपेतून उठल्यासारखा, वर चढत आला आणि फुटला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता धर. आणि हसवू नकोस."