कय्युमभाईंचे चाळीस फेरे

पुसदमध्ये मोटर जळाली की माणूस बायकोच्या आधी कय्युमभाईंना सांगतो. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं वाइंडिंगचं दुकान आहे. मोटरच्या पोटात तांब्याची तार गुंडाळायची आणि एकेक फेरा मोजायचा, हे काम ते तीस वर्षं करत आलेत. फेरे कमीजास्त झाले की मोटर तापते. समोर कोणी राजकारण काढो, कोणी पोराच्या लग्नाची पत्रिका वाचून दाखवो, कय्युमभाई मानेनं होकार देत मनात मोजत असतात. आपली गिनती आजवर चुकली नाही हे ते स्वतःच सांगतात, आणि न विचारता सांगतात.

दुसरा अभिमान विहिरीचा. दोर तुटून पंप विहिरीत पडला तर बाकीचे लोक वरून गळ सोडून तासन्‌तास चाचपत बसतात. कय्युमभाई मात्र कमरेला दोर बांधून थेट बुडी मारत. छातीत श्वास कोंडायचा, तळाशी पंप शोधायचा, मनात शंभर आकडे झाले की दोराला दोन हिसके द्यायचे, म्हणजे वरचा माणूस ओढतो, असा हिशेब. वरचा माणूस म्हणजे विठ्ठलराव, कापूस-तुरीचे शेतकरी आणि त्यांचे शाळेपासूनचे दोस्त.

दोन वर्षांपूर्वी विठ्ठलरावांनी हिसक्याची वाट न पाहता त्यांना वर ओढलं. फार वेळ झाला म्हणून घाबरलो, असं ते म्हणाले. कय्युमभाई म्हणाले, मी अजून सत्तरवर होतो, आणि तुझ्यापायी हाती लागलेला पंप सुटला. आठ दिवस अबोला धरला गड्यानं. ही बातमी हजराबींच्या, म्हणजे त्यांच्या बेगमेच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं की विहीर आता बंद. कय्युमभाईंनी कबूल केलं आणि बुड्या चालूच ठेवल्या. हजराबींना ते कळायचंच, कारण नवऱ्याच्या दाढीला शेवाळाचा वास यायचा. एकदा तर कय्युमभाईंनी रस्त्यात पाऊस लागला म्हणून सांगितलं. एप्रिल चालू होता.

अशा माणसाला समुद्र भेटला तो लेकीमुळे. नुजहत लग्न होऊन पोर्ट ब्लेअरला गेली. अब्बू भेटायला आले तेव्हा तिनं हौसेनं त्यांचं नाव स्कूबाच्या पहिल्या कोर्सात घातलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि पहिलाच नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही धरायचा नाही, कारण कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. ज्यानं उभा जन्म श्वास धरण्यावर नाव कमावलं, त्याला पहिल्याच धड्यात हे ऐकावं लागलं. शिकवणारी मुलगी नुजहतहून लहान, पण चांगली खमकी. कय्युमभाई सवयीनं श्वास कोंडत, आणि ती पाण्यातच त्यांच्या कपाळावर टिचकी मारी. चौथ्या दिवशी ते सुधारले आणि साठ फुटांपर्यंत जायची परवानगी देणारं कार्ड खिशात घालून पुसदला परतले.

आता प्रश्न आला पुढच्या, म्हणजे ॲडव्हान्स कोर्सचा. त्यात शंभर फुटांपर्यंत जायला मिळतं. चहाच्या टपरीवर यावर जी चर्चा झाली तशी नगरपालिकेतसुद्धा होत नसेल. विठ्ठलरावांचं मत पडलं की शौकापुरते मासेच पाहायचे तर साठ फूट पुष्कळ झाले, उगाच खोल जाऊन कोणाला दाखवायचं आहे? गंमत म्हणजे फोनवर त्या शिकवणाऱ्या मुलीनंही तेच सांगितलं. रंग, ऊन, मासे, सगळं वरच जास्त असतं, आणि बऱ्याच जणांना पहिलं कार्ड पुरतं. पण पन्नास फुटांच्या विहिरीत निव्वळ श्वासावर बुडी मारणाऱ्याला साठ फुटांचं कार्ड म्हणजे अपमान वाटत होता. खरं कारण एवढंच होतं, आणि कय्युमभाई ते सोडून बाकी सगळी कारणं सांगत होते.

हजराबींचा जीव मात्र टांगणीला लागला. त्यांना समुद्राची भीती नव्हती, तिथे सोबतीला जाणकार माणूस असतो. त्यांना भीती परत आलेल्या नवऱ्याची होती. घरात त्या उर्दूच बोलतात, पण भांडायला त्यांना वऱ्हाडी लागते.

"शंभर फुटाचं कार्ड आणलं," त्या म्हणाल्या, "तर मंग पन्नास फुटाच्या इहिरीपासून तुम्हाले कोन अडवन?"

कय्युमभाई तरीही दिवाळीनंतरची दोघांची तिकिटं काढून मोकळे झाले.

खोल जायच्या दिवशी बोटीवर त्या मुलीनं विचारलं, तुमचा हात कशात सगळ्यात पक्का आहे? कय्युमभाईंनी छाती फुगवून फेरे मोजण्याचं सांगितलं. तिनं एक लाकडी रीळ आणि दोरी दिली. बोटीवर त्यांनी गप्पा मारता मारता बरोबर चाळीस फेरे घातले. मग ती म्हणाली, आता हेच खाली करायचं.

पंचाण्णव फुटांवर सगळं निळं होतं. कय्युमभाई वाळूवर गुडघे टेकून दोरी गुंडाळू लागले. सतरा झाले, अठरा झाले. फार छान वाटत होतं. एक मासा समोर येऊन थांबला, तर त्यालाही सलाम करावासा वाटला. सगळा समुद्र आपल्याच घरचा आहे, अशा थाटात त्यांनी चाळीस पूर्ण केले आणि चाळीसची खूण म्हणून चार बोटं दाखवून रीळ तिच्या हाती दिलं.

वर आल्यावर तिनं त्यांच्यासमोर एकेक फेरा उलगडत मोजायला लावला. सव्वीस भरले. कय्युमभाईंनी पुन्हा मोजलं, तरी सव्वीसच.

ती हसली नाही. खोलवर टाकीतली हवा डोक्यात नशा आणते, वर आलं की ती उतरते, तोवर शुद्धीवरचा सोबती जवळ हवा, असं तिनं समजावलं. कय्युमभाईंनी अडखळत विचारलं, आणि नुसता श्वास कोंडून गेलं तर? तिथे नशा नसते, ती म्हणाली, पण हवा संपत आली की डोकं तसंच दगा देतं, आणि दगा देताना सांगत नाही.

कय्युमभाई बोटीच्या कडेला जाऊन बसले. चूक झाली याचं त्यांना एवढं वाटलं नाही. चाळीस झाले याची त्यांना पक्की खात्री होती, याचीच त्यांना भीती वाटली. कोर्स त्यांनी पुरा केला आणि कार्डही मिळवलं, पण धक्क्यावर उभ्या असलेल्या हजराबींनी काय पाहिलं म्हणून विचारलं, तेव्हा ते फक्त मासे म्हणाले.

पुसदला आल्यावर आठवड्यातच विठ्ठलरावांचा पंप विहिरीत पडला. गव्हाला पाणी द्यायचं होतं. विठ्ठलराव दोर घेऊन तयारच होते. कय्युमभाई मोटरसायकलवरून उतरले, मागे बांधलेल्या पिशवीतून गळ काढला, आणि काठावर मांडी घालून तो हळूहळू खाली सोडू लागले. सकाळची दुपार झाली. पंप दोनदा लागला आणि दोनदा सुटला.

विठ्ठलरावांच्यानं राहवलं नाही. "शंभर फुटाचं सर्टिफिकेट घेऊन आला, अन् काठावर काहून बसून राह्यला बे?"

"काठावर बसाचंच सर्टिफिकेट हाय थे," कय्युमभाई म्हणाले. मग गळाच्या दोरीवरची नजर न काढता त्यांनी सांगितलं, "इठ्ठल, तू मले वर वढलं त्या दिवशी मी सत्तरवर नव्हतो."

विठ्ठलरावांनी हातातला दोर खाली ठेवला आणि शेजारी येऊन बसले. पंप वर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

घरी हजराबींना खबर आधीच लागली होती. पंप निघाला, कय्युमभाईंनी काढला, एवढंच कोणीतरी सांगितलेलं. त्या दारापर्यंत आल्या, नवऱ्याची हनुवटी धरली आणि दाढीचा वास घेतला. दाढीत धूळ होती, गव्हाच्या वावरातली. ती झटकायला त्यांनी पदर वर केला, पण झटकायच्या आधी त्यांना डोळे पुसावे लागले.