वाणात गेलेली कादंबरी

तेलीबांध्याच्या या फ्लॅटमध्ये यायच्या आधी आम्ही बुढापाऱ्यातल्या घरातलं बहुतेक सामान वाटून टाकलं. पितळी घंगाळ गेलं, पाळणा गेला, शिलाई मशीनही गेली. मला काही वाटलं नाही. पुस्तकांचे खोके मात्र सगळेच्या सगळे आले आणि बाल्कनीत ठाण मांडून बसले. मुलाला ती बाल्कनी काचा लावून बंद करून घ्यायची होती. तो शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यातून थकून यायचा, बूट काढता काढता बाल्कनीकडे बघायचा आणि काही न बोलता आंघोळीला जायचा. त्याने तोंडाने विचारलं असतं तर मी भांडले असते. गप्प बसणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

पुस्तकं सगळी मराठी. रायपुरात मराठी पुस्तक दुकानात जाऊन घ्यावं अशी सोय आम्हाला कधी नव्हतीच. म्हणून आमच्या घरचा नियम होता: जो कोणी नागपूरला जाईल त्याने येताना संत्र्याची बर्फी आणि एक पुस्तक आणायचं. लग्नाला गेलेला दोन्ही आणायचा. मयतीला गेलेला नुसतं पुस्तक आणायचा. आलेल्या पुस्तकाला आमचे हे जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायचे, छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर, आणि पाठीवर शाईने नाव लिहायचे. ती शाई केव्हाच उडाली. आता खोका उघडला की सगळी पांढरी पुस्तकं, एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी. कोणतं पुस्तक कोणतं ते मला नुसतं हातात घेतलं की वजनावरून कळतं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

ठेवायची की देऊन टाकायची, याचं उत्तर मला येत नव्हतं, कारण खरी बोच वेगळीच होती. माझ्यामागे ही पुस्तकं उघडणारं या घरात कोणी नव्हतं. मुलाला मराठी सगळं समजतं, पण तो उत्तर हिंदीत देतो. सून दुर्गकडची, छत्तीसगढी घरातली, शाळेत गणित शिकवते. गुणी आहे, पण आमचं बोलणं म्हणजे मी मराठीत लांबलचक काहीतरी सांगायचं आणि तिने "हव मम्मी" म्हणून मोकळं व्हायचं. पुस्तकं ठेवली तर माझ्यानंतर रद्दीत जाणार, आणि तेव्हा भांडायला मी नसणार. त्यापेक्षा आपल्या हाताने चांगल्या घरी दिलेली काय वाईट? दिवसभर हाच किडा डोक्यात वळवळायचा.

आधी ओळखीच्या एका मराठी वाचनालयात जाऊन विचारलं. तिथले गृहस्थ फार सभ्य होते. कपाटं भरून वाहताहेत, म्हणाले, पुस्तकं नकोत, वाचणारे असतील तर पाठवा. नागपूरच्या नणंदेला फोन केला, तर तिनेच आपली पुस्तकं माझ्याकडे पाठवू का म्हणून विचारलं. मी फोनच ठेवून दिला.

मग संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्यात हळदीकुंकू करतात आणि आलेल्या प्रत्येक बाईला काहीतरी वस्तू देतात. ते वाण. वाण देतात असं नाही म्हणत, लुटतात म्हणतात. घेणारीने आपली आवड सांगायची नाही आणि देणारीने दिलेलं परत मागायचं नाही, एवढा साधा व्यवहार. मागच्या वर्षी मी प्लास्टिकचे डबे लुटले होते, त्याच्या आधी चहाच्या गाळण्या. यंदा पुस्तकं लुटणार, असं मी जेवताना जाहीर केलं. मुलाचा चेहरा उजळला. हे मात्र म्हणाले, मागून रडशील. मी म्हटलं, गाळण्यांसाठी रडले होते का?

यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून दुपारी जेवणं झाली की मी यांना वाचून दाखवते. तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालू होती. एक मास्तरीण असते, तिचे भाऊ वडिलांची आंब्याची बाग विकायला निघतात आणि ती एकटी सही न करता अडून बसते, अशी गोष्ट. मी ती लग्नाआधी वाचलेली, यांनी नव्हती. हे दिवाणावर आडवे व्हायचे आणि दुसऱ्या पानापर्यंत डोळे मिटायचे. सून शाळेतून आलेली असायची, ती जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसायची. माझ्या आवाजाचा तिला त्रास होत असेल म्हणून मी हळू वाचायला लागले की ती खुर्ची आणखी इकडे सरकवायची. खिडकीतल्या उन्हात यायचं असेल, असं मी धरून चालले होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी दिवाणावर पुस्तकांची रास रचली आणि प्रत्येकावर तिळगुळाची पुडी ठेवली. बिल्डिंगमधल्या बाया आल्या, बुढापाऱ्यातल्या जुन्या ओळखीच्याही आल्या. वरच्या मजल्यावरच्या भाभीने पुस्तक हातात तोललं आणि यात रेसिपी आहेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, शोधल्या तर निघतील.

सगळ्यांत शेवटी काकू आल्या. बुढापाऱ्यात त्यांची आमची भिंतीला भिंत होती. माझ्याहून पुष्कळ मोठ्या, मुलं पुण्याला, आता एकट्याच राहतात. काका गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं कोणी करत नाही. मी करते, आणि कुंकूही लावते. एकदा एकीने यावर नाक मुरडलं होतं, पुढच्या वर्षी मी तिलाच बोलावलं नाही. काकूंनी पुस्तक पदरात घेतलं, कपाळाला लावलं आणि सावकाश जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचायला बसले तर कादंबरी जागेवर नाही. यांच्या उशाशी असायची. उशीखाली पाहिलं, दिवाणाखाली पाहिलं, उरलेले खोके उपसले. मग लक्षात आलं. रास त्याच दिवाणावर रचली होती, आणि बाकीच्या पांढऱ्या पुस्तकांबरोबर तीही रचली गेली होती. वजनावरून ओळखणाऱ्या मी तिच्यावर पुडी ठेवून ती कोणाच्या तरी पदरात घातली होती. असू दे, म्हणत हे कूस बदलून झोपले. टेबलाकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सून समोर येऊन उभी राहिली, हातात लाल पेन तसाच.

"मम्मी, वो साइन करती है क्या?"

कोण, असं मी विचारलंसुद्धा. मग उजेड पडला. ती पहिल्या पानापासून ऐकत होती. सुरुवातीला निम्मं समजत नव्हतं, नंतर समजायला लागलं, आणि आता त्या बाईचं काय होतं ते कळल्याशिवाय वह्यांत लक्ष लागत नाही, असं तिने हिंदीत सांगितलं. मला शेवट माहीत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

तिनेच फोन फिरवले आणि पुस्तक काकूंकडे असल्याचा शोध लावला. मी तिला बजावलं की वाण परत मागत नाहीत. त्यातून काकूंकडून तर नाहीच, त्यांना वर्षातून एकदाच मिळतं. मागणार नाही, नुसतं बघून येते, म्हणाली आणि स्कूटी काढून गेली. ती दिवेलागणीला परत आली, पुस्तकाशिवाय.

काकूंनी कादंबरी देवाजवळ ठेवली होती, तिळगुळाच्या पुडीसकट. हिने तोंडातून शब्द काढायच्या आधीच त्यांनी ओळखलं, असं सून सांगत होती. "वाण आहे बाई, वापस नाही देणार मी," काकू म्हणाल्या होत्या. "पण अक्षरं दिसत नाहीत आता मले. तूच वाच ना इथं बसून."

तर ती वाचायला बसली. लिपी हिंदीचीच, त्यामुळे अक्षरं ओळखीची, पण मराठी तिने आयुष्यात तोंडाने वाचलं नव्हतं. काकू चुका काढत आणि चहा देत. मग दर दोनतीन दिवसांनी शाळा सुटली की स्कूटी परस्पर बुढापाऱ्याकडे वळायला लागली. घरी तिचं मराठीही सुरू झालं, पण ते त्या कादंबरीतलं. भाजीत मीठ कमी पडलं तर "मला क्षमा करावी" म्हणायची. आमच्या मले-तुलेच्या घरात असं शुद्ध बोलणारं पहिलं माणूस दुर्गचं निघावं, याचं मला हसू यायचं. खाली पार्किंगमध्ये वॉचमनशी ती कशी बोलत असेल, कोण जाणे.

इकडे यांची चिडचिड वाढली. मी दुसरं पुस्तक काढलं तर यांना ते नको. "मी काय झोपून राहिलो होतो का? डोळे मिटून ऐकून राहिलो होतो," म्हणाले. शेवटी एका रविवारी ऑटो करून आम्ही दोघं काकूंकडे गेलो. शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

काकू पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हे खुर्चीवर, मी दाराशी. बाहेर गल्लीतून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. ती अडखळत वाचत होती, एखादा जोडशब्द आला की थांबून पुन्हा मागे जात होती. मी ते प्रकरण पूर्वी वाचलं होतं, पण कोणाकडून ऐकलं कधीच नव्हतं. त्या मास्तरणीने सही केली की नाही, ते मी इथे सांगत नाही, सुनेने कानांवर हात ठेवले होते ते आठवून. एवढंच सांगते की मला रडू आलं, आणि ते मास्तरणीसाठी नव्हतं. मी वाचत नव्हते, आणि तरी ते वाचलं जात होतं. किती दिवस घाबरत होते मी, आणि कशाला.

कादंबरी काकूंकडेच राहिली. वाणात गेलेली बाकीची पुस्तकंही मी कोणाकडे मागितली नाहीत. वरच्या भाभीला रेसिपी सापडली असेल तर तिचं नशीब.

त्याच संध्याकाळी सून बाल्कनीत खोके उघडून फरशीवर बसली. एकेक पुस्तक काढायचं, आतलं पान बघायचं आणि पाठीवर लाल पेनने ठसठशीत नाव लिहायचं. पुन्हा भलतंच पुस्तक जायला नको, म्हणाली. मुलगा आला, बूट काढता काढता नेहमीसारखा बाल्कनीकडे बघत थांबला. 

"काँच तो जल्दी लगवानी पड़ेगी," तो म्हणाला. "बारिश में किताबें भीग जाएँगी."

मी उठून आत जाऊन उगाच चहा टाकला. परत आले तर सुनेने विचारलं, "आई, आता कोणतं वाचू?"

मी तोऱ्यात खोक्यात हात घातला, एक पुस्तक उचललं, वजन घेतलं आणि नाव सांगितलं. तिने पहिलं पान उघडून पाहिलं, हसू दाबलं, आणि पाठीवर दुसरंच नाव लिहिलं.