काही सापडू नये म्हणून

माझ्या धाकट्या नणंदेने बारावीला चांगले मार्क मिळवले आणि ती पुरातत्त्व शिकायला गेली. घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली. आमचे हे, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले, "जुनी मढी उकरायला पदवी कशाला? फावडं पुरतं." तेव्हापासून तिचं नाव 'उकरी' पडलं.

खोदकामावर ती दिवसभर उकिडवी बसून दात घासायच्या ब्रशने खापरं धुवायची. सासूबाई म्हणायच्या, "घरची दोन ताटं विसळ म्हटलं तर हिची कंबर धरते. मेलेल्यांची फुटकी भांडी बरी घासवतात."

एक पदवी झाली, दुसरीही झाली. तिच्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलाला वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली; तो दारात तिकिटं फाडतो. एक जण बँकेत गेली आणि सुखी झाली. एक तिथेच शिकवायला राहिला, म्हणजे आणखी उकरे तयार करायला. आमच्या उकरीला मात्र खरोखर खोदायचीच नोकरी लागली. इमारतीचा पाया घेण्याआधी जमिनीत काही जुनं आहे का, ते तपासून घ्यावं लागतं. तिची कंपनी ते तपासून द्यायची. चर खणायचे, आत डोकावायचं, 'काही नाही' असं लिहून द्यायचं.

"म्हणजे काही सापडलं नाही की तुझं कौतुक?" मी विचारलं.

"हो ना वहिनी. शोधायला शिकले आणि पगार मिळतो तो न सापडण्याचा."

तिच्या मोठ्या साहेबांना म्हणे उभ्या नोकरीत एक खापर सापडलं नव्हतं. म्हणून तर ते मोठे साहेब झाले.

मग तिच्याकडे नेमकी आमचीच जागा आली. तिथे तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होणार होतं, दोन खोल्या आणि गॅलरी. लग्न झाल्यापासून आम्ही दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायचीही परवानगी मागत होतो. उकरी म्हणणारे हे एकदम तिला बाळ म्हणू लागले. "बाळ, नीट बघ हं. म्हणजे फार नीट नको."

एका संध्याकाळी ती चिखलाच्या बुटांनीच दारात उभी राहिली.

"दादा, भट्टी निघालीय. कुंभाराची. शेजारी वाकड्या, चिरलेल्या गाडग्यांचा ढीग आहे."

"वाकडी? म्हणजे तेव्हाही कुणी घेतली नाहीत ती?"

"हो. बिघडली म्हणून टाकलेली."

"मग तूही टाक. जे त्या कुंभाराला नको होतं, त्याच्यासाठी माझं घर अडवतेस?"

"मी 'काही नाही' लिहिलं, तर उद्या मशीन येऊन सगळं भरडून टाकेल."

"लोकांच्या बहिणी भावाला घर मिळावं म्हणून देवाला हात जोडतात."

"वहिनी जोडतेय ना," ती म्हणाली.

जोडलेच होते मी हात, स्वयंपाकघरातल्या देवापुढे. पण मागू काय? घर मागावं तर पोरीला खोटं लिहायला लावायचं. तिचं खरं राहू दे म्हणावं तर घर लांबणार. शेवटी काहीच मागितलं नाही. चहा टाकला.

तिने जे होतं तेच लिहिलं. काम अडकलं आणि ह्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. कंपनीने तिला काढलं नाही, फक्त नवीन काम देणं थांबवलं. साहेब म्हणाले, "तुम्ही फार बारकाईने बघता."

पुढे इमारत जरा सरकवून उठली. बिल्डरने भट्टीवर जाड काच बसवली, आत दिवे सोडले, शेजारी पाटी लावली. पाटीवर त्याचंच नाव. जणू हाच भट्टीत उभा राहून घामाघूम झाला होता.

आता आमच्याकडे कुणी आलं की हे आधी त्याला काचेपाशी उभं करतात. "आमच्या बहिणीनं काढली. आमच्या घराण्यातच ती नजर आहे." त्या नजरेला कपाळावरचा स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो मी काढून देते.

परवाही खाली असंच व्याख्यान चाललं होतं. नणंद आली होती, सध्या काम शोधतेय. वर येऊन बघते तर ती माझ्या सिंकपाशी, बाह्या दुमडून.

"अगं, राहू दे ती भांडी."

"असू दे वहिनी," ती म्हणाली. "ही निदान सगळी अख्खी आहेत."