रंग गया, लिखा

सरांनी खुर्चीतून न उठता शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, "रंग गया, लिखा." म्हणजे रंग गेला, असं लिहा. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल एवढंच. नंदुरबारला मी प्रयोगशाळा सहायक आणि ते सर. असे सर तुम्हीही पाहिले असतील.

अल्काइन मात्र ते फळ्यावर झोकात शिकवत. दोन कार्बनमध्ये तीन बंध, त्यातले दोन कच्चे. ब्रोमीन आलं की आधी एक सुटतो, मग दुसरा, ब्रोमीन तिथे चिकटतं आणि त्याचा नारिंगी रंग जातो. फळ्यावर रंग दरवेळी जायचा. टेबलावरच्या बाटलीतलं ब्रोमीनचं पाणी कित्येक वर्षांपूर्वीच बिनरंगाचं झालं होतं. ताजी बाटली परीक्षकासाठी कपाटात. सरांनी हात लावू नको म्हटलं आणि मी लावला नाही, म्हणजे मीही त्यातलाच.

मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून 'रंग गेला' उतरवून काढत. कोरीट गावच्या एका मुलीने लिहिलं, 'पाणी आधीच रंगहीन होतं, काही दिसलं नाही.' सरांनी जर्नल फेकलं. सही नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष वाया.

"पान फाड. नाहीतर सही भेटाव नही."

"रंग व्हताच कोठे, सर? मी कसं लिखू?" ती रडत होती, पण पान फाडेना.

मला सरांची किळस आली आणि माझीही. मी कपाट उघडलं. कार्बाइडच्या खड्यावर पाणी टाकलं. इकडे चोरून केळी पिकवतात तेच कार्बाइड. लसणासारखा वास सुटला. निघालेला वायू, म्हणजे फळ्यावरचं तेच अल्काइन, परीक्षानळीतल्या ताज्या ब्रोमीनच्या पाण्यात सोडला. नारिंगी फिकट झालं, पिवळं झालं, मग काहीच उरलं नाही.

सर खुर्चीतून उठले होते. नळीला नाक टेकेल इतके वाकले.

"रंग खरंच जास रे, भाऊ," ते हळूच म्हणाले.

मग मला कळलं, या माणसाने जन्मात हे पाहिलंच नव्हतं. त्यांनीही कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलं होतं. मुलीला पान न फाडता सही मिळाली. पुढच्या बॅचला पुन्हा तीच जुनी बाटली आणि "रंग गया, लिखा." सुधारतील कसले.

ते निवृत्त होऊन सारंगखेड्याला गेले. त्यांच्या टेबलाचा खण रिकामा करताना मला बूच मारलेली एक परीक्षानळी सापडली. आत साधं पाणी दिसत होतं. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, 'रंग गेला. स्वतः पाहिला.'

साऱ्या नोकरीतलं तेवढंच एक निरीक्षण. ती नळी मी अजून धुतलेली नाही.